मंडळाचा हॉल, रेट कार्ड आणि अंगठ्यातली सुई : इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, नारायण बाग, टिळक नगर, इंदुरात जिथे जिथे आपली मंडळं आहेत, महिला मंडळं, भजनी मंडळं, भिशीचे ग्रुपसुद्धा, त्या सगळ्यांच्या अध्यक्ष-सचिवांना आणि खास करून दरवर्षी आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पत्र आहे. भांडायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. मागणी एकच आहे, हाताच्या संधिवातावरची इंजेक्शनं पॅकेज करून विकणाऱ्यांना आपल्या हॉलमध्ये टेबल देऊ नका. तपासा म्हणावं, माहिती द्या म्हणावं, पण तिथल्या तिथे ॲडव्हान्स घेणं बंद.

झालं काय ते बऱ्याच जणांना माहीत आहे. गणपतीच्या आधी एका मंडळाच्या हॉलमध्ये सांध्यांचं मोफत शिबिर झालं, मंडळाचं नाव लिहीत नाही आणि क्लिनिकचंही नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाहेर बॅनर, त्यावर बाप्पाच्या सोंडेएवढी सिरिंज. आत वजन, बीपी, शुगर झालं की पुढच्या टेबलावर एक मुलगा बसलेला, तो बायकांचे अंगठे मुळाशी दाबून बघायचा आणि दुखलं की म्हणायचा, "आंटीजी, ग्रीस खत्म हो गया है," आणि लगेच लॅमिनेट केलेलं रेट कार्ड पुढे. एका अंगठ्याला पीआरपीचे, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या इंजेक्शनचे, तीन डोस, दोन्ही अंगठे एकदम घेतले तर सूट, आजच बुक केलं तर अजून सूट, अगदी साड्यांच्या सेलसारखं. आमच्या गल्लीतल्या तिघीजणींनी माझ्या डोळ्यादेखत पैसे भरले. एकीचं बोट सकाळी वाकून अडकतं आणि टक् करून सुटतं. दुसरीला मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूने कळ येते, नातवाला उचलायला लागल्यापासून. तिसरीचा अंगठ्याच्या मुळाशी सांधा खरंच झिजलाय, एक्सरे मी पाहिलाय. तिघींना एकच पॅकेज!

आता तुम्ही म्हणाल हिला काय कळतं, ही तर बँकेत कॅशवर होती. खरंय, मी डॉक्टर नाही. पण नोटा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशीही अशीच झीज आहे, त्यामुळे ह्या विषयावर जे जे वाचायला मिळालं ते सगळं वाचलंय, भाचा डॉक्टर आहे त्याच्याकडून समजून घेतलंय, आणि खाली जे लिहितेय ते एमवाय ह्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत किंवा कोणत्याही चांगल्या ऑर्थोपेडिककडे जाऊन ताडून बघा.

पहिली गोष्ट म्हणजे हात दुखतो म्हटलं की तो सांध्याचाच आजार असं नसतं. जिचं बोट अडकतं तिला ट्रिगर फिंगर आहे, म्हणजे बोट वाकवणारी जी दोरी असते ती ज्या नळीतून सरकते तिथे सूज आणि अडथळा. सांधा ठणठणीत असू शकतो. हे डायबिटीसवाल्यांना जास्त होतं. दुसरीला बहुतेक डी क्वेर्वेन, मनगटाच्या कडेच्या दोऱ्यांची सूज, तान्ह्या बाळांच्या आयांना आणि बाळ सांभाळणाऱ्या आज्यांना नेहमी होते. ह्या दोन्ही त्रासांत स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, सांध्यात नव्हे, दोरीच्या नळीत, पुष्कळांना छान लागू पडतं, आणि ते औषध जुनं आणि स्वस्त आहे. म्हणजे बघा, जिथे स्वस्तातली सुई काम करते तिथे ह्यांनी महागडं पीआरपी गळ्यात मारलं. आणि आपल्याकडे जे सारखं ऐकू येतं ना की "माझ्या वहिनीला एका सुईत बरं वाटलं, तू पण घेऊन टाक", त्यातल्या किती वहिनींना ट्रिगर फिंगर होतं आणि किती जणींना झीज, हे कोणी विचारतच नाही. वहिनीचं खोटं नाही. फक्त वहिनीचा आजार वेगळा होता.

आता खरी झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस. हातात हा मुख्य तीन जागी होतो. बोटांच्या टोकाजवळच्या पेरांवर, तिथे त्या टणक गाठी येतात त्यांना हेबरडेन नोड म्हणतात, अठराव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरचं नाव आहे ते. मधल्या पेरांवर आल्या तर बुशार्ड नोड. आणि तिसरी जागा अंगठ्याचं मूळ, जिथे अंगठ्याचं हाड मनगटाच्या एका छोट्या हाडावर खोगीर बसावं तसं बसतं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये ह्याचं प्रमाण वाढतं आणि बोटांच्या गाठी घराण्यात चालत येतात, तुमच्या आईचे हात आठवून बघा. पेरांवरच्या गाठी येताना दुखतात, लाल होतात, आणि मग बऱ्याच जणींच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत दुखणं आपोआप शांत होतं, गाठ तेवढी राहते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंगठ्याच्या मुळाचं गणित वेगळंच. चिमटीत एक किलोचा जोर लावला की मुळाच्या सांध्यावर साधारण बारा किलोचा दाब येतो, हा हिशोब संशोधकांनी १९७७ सालीच मांडलेला आहे. म्हणून तर बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, सांडशीने उतरवलेलं पातेलं, भुट्ट्याचा कीस करताना घट्ट धरलेलं कणीस, बफल्याची घट्ट कणीक, ओले कपडे पिळणं, सगळं तिथेच येऊन दुखतं. आणि हो, तासनतास मोबाईल धरून अंगठ्याने टाईप करणं पण, हे पत्र मी बोलून टाईप केलंय.

तर अशा झिजलेल्या सांध्यात सुई टोचून काय होतं? एकेक घेऊ.

स्टिरॉइड. अंगठ्याच्या मुळाशी स्टिरॉइड आणि नुसतं सलाईन अशी तुलना ४० पेशंटवर करून बघितली होती, निकाल २००४ मध्ये छापून आला, सहा महिन्यांनी दोन्हीत फरक नव्हता. नुसत्या सलाईनइतकंच! उलट बोटांच्या पेरांवर ब्राझीलमध्ये ६० जणांवर प्रयोग झाला, २०१५ साली छापला, एका गटाला स्टिरॉइड आणि भूल, दुसऱ्याला नुसती भूल, आणि तिथे स्टिरॉइडवाल्यांना बारा आठवड्यांपर्यंत हालचाल करतानाचं दुखणं आणि सूज दोन्ही कमी होती. म्हणजे एकाच हातात जागा बदलली की उत्तर बदलतं. युरोपातल्या संधिवाताच्या डॉक्टरांची संघटना आहे, युलार, त्यांच्या २०१८ च्या शिफारशींत म्हणून असं लिहिलंय की हाताच्या झिजेत स्टिरॉइडची सुई सरसकट देऊ नये, पेर दुखत असेल तर विचार करावा. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी थोडी सैल आहे, त्यांच्या २०१९ च्या गाईडलाईनमध्ये हातासाठी स्टिरॉइडला सौम्य शब्दांत होकार आहे. दोन मोठ्या संघटनांचं सुद्धा पूर्ण एकमत नाही, आणि आपल्या हॉलमध्ये मात्र रेट कार्डवाल्या मुलाला काही शंकाच नव्हती.

माझं म्हणणं स्टिरॉइड म्हणजे विष असं अजिबात नाही. घरात लग्न आहे, पेर सुजून लाल झालंय, वरून लावायच्या जेलने भागत नाही, अशा वेळी अनुभवी डॉक्टरने एकदा दिलं तर हरकत नाही असं मला वाटतं. पण देताना सांगायला हवं की पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, डायबिटीस असेल तर काही दिवस शुगर चढते, हाताची कातडी पातळ तिथे खड्डा पडू शकतो किंवा पांढुरका डाग येतो, आपल्या गव्हाळ रंगावर तो चांगला उठून दिसतो. इन्फेक्शन क्वचित, पण होतं. आणि सांधा इतका लहान की जेमतेम अर्धा-एक मिली मावतं, त्यामुळे नुसतं चाचपून टोचलं तर सुई बाजूलाच जाऊ शकते, सोनोग्राफी किंवा एक्सरेवर बघून दिलं तर नेम बरा लागतो. शिबिरातल्या गर्दीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून हे कोण करणार? आणि दर तीन महिन्यांनी टोचत राहायचं असं जर कोणी सांगत असेल तर गुडघ्यावर झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे, १४० जण, दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड, २०१७ साली निकाल आला. सलाईनवाल्यांपेक्षा दुखणं काही कमी झालं नाही, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, मात्र जास्त झिजली. गुडघा म्हणजे अंगठा नव्हे, मान्य, पण विचार करायला लावणारं आहे ना.

मग ते "ग्रीस", म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. हे आपल्या सांध्यातल्या वंगणात असतंच, म्हणून कल्पना ऐकायला एकदम पटते, संपलं तर भरा. पण सांधा म्हणजे बेअरिंग नव्हे, भरलेलं जेल तिथे कायमचं राहत नाही. त्याच अमेरिकन गाईडलाईनमध्ये अंगठ्याच्या मुळासाठी हायलुरोनिक ॲसिड नको अशी शिफारस आहे, सौम्य शब्दांत का होईना पण नकोच.

आता पीआरपी, ज्याचं पॅकेज विकलं गेलं. आपलंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून सांध्यात टोचायचा. आपलंच रक्त आहे त्यामुळे साईड इफेक्ट नाही हे वाक्य फार चालतं, पण सुई आहे म्हणजे दुखणं, सूज, इन्फेक्शनची शक्यता आलीच. ऑस्ट्रेलियात गुडघ्यासाठी २८८ जणांवर मोठा अभ्यास झाला, दर आठवड्याला एक असे तीन डोस, अर्ध्या लोकांना पीआरपी अर्ध्यांना सलाईन, २०२१ साली निकाल आला, वर्षाअखेर ना दुखण्यात फरक ना कूर्चेत. तीन डोस, हा आकडा ओळखीचा वाटला ना? अमेरिकन गाईडलाईनने गुडघा आणि खुबा दोन्हींसाठी पीआरपीला ठाम नकार दिलाय. हातासाठी पुरावा इतका तोकडा की त्यांनी त्यावर मतच दिलं नाही. एकतर्फी बोलतेय असं वाटू नये म्हणून सांगते, अंगठ्याच्या मुळावर ग्रीसमध्ये, म्हणजे त्या देशात हो, ३३ पेशंटचा एक अभ्यास आहे ज्यात वर्षाअखेर पीआरपी स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं. पण सलाईनवाला गटच त्यात नव्हता आणि ३३ माणसं म्हणजे आपल्या एका भिशीतली संख्या. पुढे मोठे अभ्यास होतील, चांगलं निघालं तर मीच पहिली रांगेत उभी राहीन. तोवर "रिझल्टची गॅरंटी" असं बॅनरवर छापायचा अधिकार कोणालाच नाही.

स्टेम सेलचं, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींचं, तर नावच काढू नका. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यता घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच वापरायच्या. ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कोणी पैसे मागून स्टेम सेल टोचायचं म्हणालं तर हॉलची लाईट बंद करा आणि कुलूप लावा.

"पण मग लोकांना बरं कसं वाटतं?" हा प्रश्न आमच्या सचिवांनीच विचारला आणि प्रश्न रास्त आहे. वर सांगितलं ना, गाठींचं दुखणं आपोआप उतरतं. झिजेचं दुखणं चढतं-उतरतं, डिसेंबरच्या कडाक्यात चढतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, त्यानंतर उतरायचंच असतं, सुई टोचा नाहीतर नका टोचू. शिवाय सुई, मशीन, पांढरा कोट, भरलेले पैसे, ह्या सगळ्याचा मनावर जो परिणाम होतो तो खोटा नसतो, सलाईनवाल्या गटांनाही अभ्यासात बरं वाटलेलंच असतं. म्हणूनच तर सलाईनशी तुलना करावी लागते. एवढी साधी गोष्ट शिबिराच्या व्याख्यानात कोणी का सांगत नाही?

बरं, सुई नको तर काय, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर नुसती टीका होईल. युलार काय आणि अमेरिकन काय, दोघांचाही भर आधी ह्याच गोष्टींवर आहे : माणसाला आजार नीट समजावून सांगा, हाताचे व्यायाम शिकवा, काम करायची पद्धत बदला, अंगठ्याच्या मुळाला स्प्लिंट द्या. युरोपवाले औषधांत आधी वरून लावायचं जेल सांगतात, डायक्लोफेनॅकसारखं, पोटातून पेनकिलर त्यानंतर आणि थोड्याच दिवसांसाठी, आणि आपल्या वयात बीपी-किडनी बघूनच. स्प्लिंट म्हणजे अंगठ्याला आधार देणारा पट्टा. फ्रान्समध्ये ११२ जणांवर रात्री घालायच्या स्प्लिंटचा अभ्यास झाला, महिन्याभरात काही फरक दिसला नाही पण वर्षाने दुखणं कमी होतं, म्हणजे ह्याला चिकाटी लागते. पुढे ब्रिटनच्या एका अभ्यासात चांगले व्यायाम आणि सल्ला मिळाला तर स्प्लिंटने त्यात फार भर पडत नाही असंही निघालं. मला विचाराल तर व्यायाम आधी, आणि स्प्लिंट घालून आराम वाटला तर घाला, हजारोंचा खर्च नाही आणि नाही मानवला तर काढून ठेवता येतो. टोचलेलं काढता येत नाही.

व्यायामही फार अवघड नाहीत. अंगठा आणि एकेक बोट जोडून गोल "ओ" करायचा, पण अंगठ्याचं टोकाचं पेर आत कोसळू द्यायचं नाही. पहिल्या बोटाला रबर बँड अडकवून ते बोट अंगठ्याच्या दिशेला ओढायचं, त्याने मुळाला धरून ठेवणारा स्नायू तयार होतो. सकाळी कोमट पाण्यात हात. हे नीट शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा हाताचं काम जाणणारा फिजिओ लागतो. आणि स्वयंपाकघरात तर इतकं करता येतं : लाटण्याला, चाकूला जाड मूठ, झाकणाला रबराचा तुकडा, पातेलं दोन्ही तळव्यांवर उचलायचं, पिशवी बोटांत न लटकवता कोपरात अडकवायची, कपडे पिळायचे नाहीत, नळाच्या दांडीवर गुंडाळून दाबायचे. घट्ट कणीक मुलाकडून किंवा नवऱ्याकडून मळून घ्यायची. ह्यावर आमच्याकडे जो वाद झाला तो इथे लिहीत नाही.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, चिमटीत काही धरताच येत नसेल, तर अंगठ्याच्या मुळाचं ऑपरेशन असतं, तो निर्णय हाताच्या सर्जनबरोबर निवांत बसून घ्यायचा. आणि एक धोक्याची खूण शिबिरात जरूर सांगा : सकाळी हात तासाभरापेक्षा जास्त वेळ आखडत असतील, मुठीच्या उंचवट्यांचे सांधे आणि मनगट दोन्ही हातांत सुजले असतील, तर ती झीज नसून आमवात असू शकतो. त्याला रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरकडे, लवकर पाठवायला पाहिजे, कारण त्याच्या औषधांना उशीर झाला तर हात वाकडे होतात. पॅकेजवाल्या टेबलावर अशा बाईचे तीन महिने फुकट जातील.

आता पैशांचं. मला कळतं की गणेशोत्सवाच्या मांडवाला, स्मरणिकेला स्पॉन्सर लागतो, क्लिनिकने बॅनरचे पैसे दिले की कोषाध्यक्षांचा जीव भांड्यात पडतो. पण आपल्या सत्तर वर्षांच्या काकू तिथे पैसे भरतात त्या क्लिनिककडे बघून नाही, "मंडळाने बोलावलंय म्हणजे चांगलंच असणार" म्हणून. स्मरणिकेत जाहिरात घ्या खुशाल, पण हॉलमध्ये विक्री नको. आणि त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ॲडव्हान्स भरला त्यांचे उरलेल्या डोसचे पैसे परत मिळावेत म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर त्या क्लिनिकला एक पत्र द्या. एकेकट्या बायकांना ते दाद देत नाहीयेत.

पुढच्या शिबिराला टेबल लावायचंच तर असं लावा की तिथे एक थेरपिस्ट असेल, दोन-चार प्रकारचे स्प्लिंट हातात घालून बघायला, जाड मुठीचा चाकू, रबर बँडचं पाकीट. आणि कोणी सुईचा सल्ला दिला तर पेशंटने तिथल्या तिथे विचारायचं, मला नेमकं झालंय काय, सुईत काय आहे, आणि घेतली नाही तर सहा महिन्यांत काय होईल, हे मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत भिंतीवर चिकटवा. मजकूर मी लिहून देते, रजिस्टरलाही बसते, फक्त लिहायला जाड पेन ठेवा. तारीख ठरली की कळवा, आणि ह्या पत्राचं उत्तर ग्रुपवरच द्या सगळ्यांसमोर, नुसता अंगठा टाकून मोकळे होऊ नका.

आपली,
एक जुनी सभासद, सुदामा नगर, इंदूर